माग थांबतात तसं: 'द शायनिंग'मधलं वाद्यवृंदाचं संगीत पहिल्यांदा ऐकताना

सोलापूरच्या अशोक चौकाच्या मागच्या गल्लीत आमच्या घराला लागून सोळा मागांचा कारखाना होता. लाइट गेली तरी त्याचा आवाज एका झटक्यात बंद होत नसे. मोटारी मंदावत, प्रत्येक माग आपापल्या वेळेला दम सोडे, एखादा आधी, एखादा दोन ठोके उशिरा. सोळा आवाज सोळा उतारांवरून घसरत खाली यायचे. मग एकदम शेजारच्या मावशींचं तेलुगूतलं बोलणं आणि आमच्या चुलीवरच्या तव्यावर भाकरी पडल्याचा आवाज ऐकू यायचा.

बऱ्याच वर्षांनी क्शिश्तोफ पेंदेरेत्स्की या पोलिश संगीतकाराची, 'द शायनिंग' या भयपटात वापरलेली 'पॉलिमॉर्फिया' ही रचना ऐकली आणि पहिल्या तीन मिनिटांतच तो कारखाना आठवला. तिथे 48 तंतुवाद्यं आहेत, आणि प्रत्येक आपापल्या वाटेने घसरतं. दिशा मात्र उलटी, खालून वर. ज्यांना हे संगीत ऐकवलं त्यातल्या बहुतेकांनी दोन मिनिटांत कानातून इयरफोन काढले. "यात गाणं कुठंय?" हा एकच प्रश्न. म्हणून हा लेख. सोलापुरात वाढलेल्या माणसाचा कान या संगीतासाठी अर्धा तयारच असतो असं मला मनापासून वाटतं. उरलेली अर्धी तयारी चार-पाच रात्रींत होते.

आधी थोडी ओळख

स्टॅन्ली कुब्रिकचा 'द शायनिंग' 1980 सालचा. बर्फात अडकलेलं मोठं हॉटेल, त्यात नवरा, बायको आणि लहान मुलगा. एवढी गोष्ट सध्या पुरे. सुरुवातीचं, पिवळी गाडी डोंगरातून जाते तेव्हाचं संगीत वेंडी कार्लोस आणि रेचल एल्काइंड यांनी सिंथेसायझरवर केलं. वाद्यवृंदाचा मुख्य भाग मात्र या सिनेमासाठी लिहिलेलाच नाही. बेला बार्तोक या हंगेरियन संगीतकाराची रचना 1936 ची, ग्यॉर्गी लिगेतीची 1967 ची, आणि पेंदेरेत्स्कीच्या कितीतरी रचना, त्याही सिनेमाच्या आधीच मैफलीत वाजलेल्या. कुब्रिकने त्या निवडल्या आणि गॉर्डन स्टेनफोर्थ या संगीत-संपादकाने त्या दृश्यांवर बसवल्या. शेवटच्या भागात तर पेंदेरेत्स्कीच्या वेगवेगळ्या रचना एकावर एक चढवल्या आहेत.

याचा तुम्हाला थेट फायदा आहे. सिनेमा न बघताही हे सगळं संगीत स्वतंत्र, पूर्ण लांबीचं ऐकता येतं. सिनेमाच्या नावाने निघालेली मूळ तबकडी हक्कांच्या भानगडीत लवकरच मागे घेतली गेली, त्यामुळे त्या नावाचा आल्बम शोधत बसू नका. रचनांच्या नावाने शोधा आणि या क्रमाने चार गोष्टींची यादी करून ठेवा: बार्तोकच्या 'म्युझिक फॉर स्ट्रिंग्ज, पर्कशन अँड चेलेस्टा'चा तिसरा भाग, लिगेतीचं 'लोंतानो', पेंदेरेत्स्कीची 'पॉलिमॉर्फिया' आणि त्याचंच 'द अवेकनिंग ऑफ जेकब'. एका रात्री एकच. चारही एका दमात ऐकलीत तर शेवटी फक्त डोकं दुखेल.

पेटीवरचा पाच मिनिटांचा धडा

घरात, नाहीतर गल्लीतल्या भजनी मंडळात पेटी असेल तर मिळवा. पांढरी एकचा सा दाबून भाता चालू ठेवा. आता त्याच्याशेजारची काळी पट्टी, म्हणजे कोमल रे, तीही सोबत दाबा. दोन सूर एकमेकांना घासतात आणि आवाजात एक थरथर उठते. आपल्याकडे याला बेसूर म्हणून लगेच बोट काढतात. तुम्ही काढू नका. पंधरा सेकंद ती थरथर ऐका. तिला वेग आहे, ती मोजता येईल इतकी ठळक आहे. मग अख्खा तळहात पट्ट्यांवर ठेवा. दहा-बारा सूर एकदम. आता यात सा कुठला, रे कुठला, हे कानाला सांगता येत नाही, पण आवाज जाड आहे की पातळ, वरचा आहे की खालचा, हे बरोबर सांगता येतं.

या संगीतात नेमकं तेवढंच ऐकायचं असतं. चाल शोधली तर सापडत नाही आणि माणूस चिडतो. कापड हातात घेतल्यावर आपण एकेक धागा मोजत नाही, अंगठा आणि बोटात धरून पोत बघतो. चादरीचा पोत वेगळा, टॉवेलचा वेगळा. इथे कानाने पोत बघायचा: दाट की विरळ, खरखरीत की गुळगुळीत, कुठे विरत चाललाय, कुठे गाठ आली.

जागा, वेळ, आवाज

मे महिन्यात हा उद्योग करू नका. पारा 40 च्या वर असताना पंखा बंद करता येत नाही, आणि पंख्याच्या घरघरीत 'लोंतानो'ची पहिली दोन मिनिटं पूर्ण बुडून जातात. डिसेंबर-जानेवारीतली रात्र, अकरानंतर, सगळ्यात चांगली. गल्लीत माग रात्रपाळीला चालत असतील तर पहाटेची वेळ बघा. मी गच्चीवर चादर पांघरून ऐकलंय, तेवढं शांत घरात कधीच मिळालं नाही.

इयरफोन साधे चालतील, पण दोन्ही कानांचे हवेत. एक कान बंद पडलेला इयरफोन इथे चालणार नाही, कारण बार्तोकने वादक मुद्दाम डावीकडे आणि उजवीकडे असे वाटून बसवले आहेत. फोनमध्ये आवाजाला 'बास' वाढवून ठेवला असेल तर तो मूळ जागेवर आणा. रचना आधी डाउनलोड करून ठेवा. 'लोंतानो'च्या मधोमध साबणाची जाहिरात वाजली की सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

आता आवाजाची पातळी. हे नीट वाचा, कारण इथे कानाला इजा होऊ शकते. या रचना सुरुवातीला इतक्या हळू असतात की माणूस आवाज वाढवत नेतो, आणि मग वाद्यवृंद एकदम उसळतो. मी पहिल्यांदा हीच चूक केली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उजव्या कानात शिट्टी वाजत होती. म्हणून आधी रचनेच्या मधला सगळ्यात मोठा भाग शोधा, तो सहन होईल इतक्यावर आवाज ठेवा, आणि मगच सुरुवातीला जा. नंतर हात लावू नका. सुरुवात ऐकू येत नसेल तर तेवढी न ऐकू येणं चालेल.

लहान मुलं जागी असताना उघड्या स्पीकरवर लावू नका. घरातल्या वयस्कर माणसांनाही आधी सांगून ठेवा.

पहिली रात्र: बार्तोक

इथून सुरुवात करायची कारण यात अजून धरायला काहीतरी आहे. चार भागांपैकी तिसरा, साधारण सात-आठ मिनिटांचा. ही रचना स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या एका वाद्यवृंदासाठी लिहिली गेली आणि जानेवारी 1937 मध्ये तिथेच पहिल्यांदा वाजली.

पहिला आवाज काष्ठतरंगाचा, म्हणजे लाकडी पट्ट्यांवर काठीने वाजवायच्या वाद्याचा. एकच सूर, खूप वरचा. ठक. ठक. मग ठोके जवळ येत जातात, दाट होतात, आणि पुन्हा विरळ. ते मोजून बघा: 1, 1, 2, 3, 5, 8, आणि तसेच परत 5, 3, 2, 1, 1. मागचे दोन आकडे मिळवले की पुढचा तयार होतो, फिबोनाचीच्या मालिकेसारखा. मोजता आलं नाही तरी बिघडत नाही, वेग चढून उतरतोय एवढं कळलं तरी काम झालं.

त्याखाली लगेच टिंपनी येते, तांब्याच्या मोठ्या भांड्याचा, कातडं ताणलेला ढोल. हिला पायाखाली पट्टी असते. ती दाबली की कातड्याचा ताण बदलतो आणि वाजता-वाजता सूर वर किंवा खाली सरकतो. तबला वाजवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. डग्ग्यावर थाप मारून मनगटाची टाच पुढे सरकवली की जो 'घुंम्' वर चढतो, तेच हे, फक्त मोठ्या अंगाचं आणि संथ. युरोपातल्या श्रोत्याला तो आवाज पायाखालची जमीन सरकल्यासारखा वाटत असेल. आपल्याला तो ओळखीचा आहे, तेव्हा त्याला घट्ट धरून ठेवा. पुढे अंधार दाट झाला की हाच तुमचा हात धरेल.

मग व्हायोला येतात, म्हणजे व्हायोलिनच्या थोड्या मोठ्या, खालच्या आवाजाच्या बहिणी, कुजबुजल्यासारखी चाल घेऊन. त्यानंतर चेलेस्टा. हिला पेटीसारख्या पट्ट्या असतात, पण आत छोट्या हातोड्या पोलादी पट्ट्यांवर पडतात, त्यामुळे आवाज घंट्यांसारखा. इथे डोळे मिटा आणि फक्त डावं-उजवं बघा. तंतुवाद्यांचे दोन गट आहेत, बोलणं इकडून तिकडे जातं. शेवटी सगळं उलट्या क्रमाने आवरत येतं आणि पुन्हा तोच लाकडी ठोका. ज्या दारातून आत गेलो त्याच दारातून बाहेर.

बार्तोकच्या अशा भागांना 'रात्रीचं संगीत' म्हणतात. किडे, बेडूक, लांबचे आवाज. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर रात्र काढलेल्या माणसाला यात भुतं दिसणार नाहीत, माळ दिसेल. सिनेमाने त्याच्यावर भीती नंतर चढवली.

दुसरी रात्र: लोंतानो

'लोंतानो' म्हणजे इटालियनमध्ये 'दुरून'. याची तयारी मोबाइलवर होत नाही, गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत होते. संक्रांतीच्या यात्रेला होम मैदानावर पाळणे लागलेले असतात, मौत का कुआँमध्ये मोटारसायकली घुमतात, हरवलेल्या मुलांची नावं भोंग्यावरून पुकारतात, पिपाण्या, भेळवाल्यांच्या हाका. मैदानात उभं राहिलं तर प्रत्येक आवाज वेगळा. आता तिथून निघा आणि सिद्धेश्वर तलावाच्या पलीकडच्या बाजूला येऊन थांबा. पाण्यावरून येताना त्या सगळ्याचा एकच आवाज होतो. तो स्थिर वाटतो, पण आत काहीतरी सतत हलत असतं. वाऱ्याने दिशा बदलली की त्याचा रंग बदलतो, आणि एखादी पिपाणी क्षणभर वर निघून पुन्हा बुडते.

लिगेतीने हेच वाद्यवृंदाकडून कागदावर लिहून वाजवून घेतलं. सुरुवात एका सुरावर, बासरी आणि चेलो (व्हायोलिनच्याच घराण्यातलं, बसून वाजवायचं मोठं वाद्य), अगदी हळू. त्याच सुरावर एकेक वाद्य येतं. सूर तोच, पण पोत बदलत जातो. मग तो शेजारच्या सुरांत पसरतो. आत खरं तर प्रत्येक वादक एकच चाल वाजवत असतो, फक्त प्रत्येकाची सुरुवात आणि चालण्याचा वेग किंचित वेगळा. धागे इतके जवळ-जवळ विणलेले की एकही सुटा दिसत नाही. या पद्धतीला लिगेती 'मायक्रोपॉलिफनी' म्हणायचा. आमच्या कारखान्यातले मामा कानावरून सांगायचे की पाच नंबरच्या मागावर धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारी नाव, नीट जात नाहीये. सोळा मागांच्या खडखडाटात त्यांना तो एक वेगळा ऐकू यायचा. दुसऱ्यांदा ऐकताना तुम्हीही तसाच एखादा धागा धरून बघा. एखादी बासरी, एखादा शिंगासारखा हॉर्नचा आवाज. दहा सेकंद धरता आला तरी खूप.

ताल नाही, ठोका नाही, त्यामुळे वेळ किती गेला ते कळत नाही. पाच मिनिटांनी कंटाळा येईल. तो येऊ द्या. साधारण त्यानंतरच कान वाट बघणं सोडतो आणि ऐकायला लागतो.

तिसरी रात्र: पॉलिमॉर्फिया

आज वही आणि पेन्सिल घ्या, चौकटीचा कागद असेल तर उत्तम. जेकार्डच्या चादरीची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर उतरते हे इथे कुणाला समजावून सांगायला नको. कागद आडवा धरा. डावीकडून उजवीकडे वेळ, वर-खाली सुराची उंची. ऐकता-ऐकता जे ऐकू येईल ते रेघेने काढत जा. सुंदर यायची गरज नाही.

1961 सालची ही रचना: 24 व्हायोलिन, 8 व्हायोला, 8 चेलो, 8 डबल बेस. पेंदेरेत्स्कीने ती नेहमीच्या सुरलिपीत पूर्ण लिहिलीच नाही. बऱ्याच ठिकाणी जाड पट्टे आणि चढत्या-उतरत्या वेड्यावाकड्या रेघा आहेत. त्या रेघा आल्या कुठून? त्याच्या आधीच्या एका रचनेचं ध्वनिमुद्रण काही रुग्णांना ऐकवून त्यांच्या मेंदूचा ईईजी काढला होता. ते आलेख त्याने वादकांपुढे ठेवले. आपल्या घरात कुणाचा ईईजी झाला असेल तर तो लांब कागद डोळ्यासमोर येईल. तो वाजवायचा.

पहिला आवाज डबल बेसचा, म्हणजे त्या घराण्यातल्या सगळ्यात मोठ्या वाद्याचा, खोल, नुसताच धरून ठेवलेला. तुमच्या कागदावर तळाशी एक सरळ रेघ येईल. ती जाड होत जाईल. मग वरची वाद्यं येतील आणि रेघा फुटायला लागतील. प्रत्येक वाद्य मींड घेत वर जातं, पण आपली मींड एका सुरावरून निघून दुसऱ्या सुरावर पोहोचते, ही पोहोचतच नाही. पोहोचायला सूरच ठेवलेला नाही. 48 मींडा, 48 वेगळ्या उतारांवर. गाणं ऐकणाऱ्या आपल्या माणसाला इथे खरी भीती वाटते ती याची: तंबोऱ्याशिवाय, सा शिवाय सोडून दिल्याची. ही भीती राक्षसाच्या भीतीपेक्षा खोल आहे आणि ती प्रामाणिकपणे वाटू द्यावी.

मधल्या भागात गज बाजूला राहतो. तारा छेडल्या जातात, तळहाताने थोपटल्या जातात, लाकडावर बोटं वाजतात. कागदावर टिंबंच टिंबं काढा. पत्र्यावर पहिला पाऊस पडायला लागतो तसं. मग पुन्हा गज, पुन्हा दाट पट्टा, पुन्हा चढ. साधारण दहा मिनिटं झालेली असतात.

आणि मग शेवटी, कुठलीही पूर्वसूचना न देता, सगळी तंतुवाद्यं मिळून सा-ग-प. शुद्ध गंधार. सी मेजर, पेटी शिकायला बसलेल्या पोराला पहिल्या आठवड्यात शिकवतात तो स्वरमेळ. तो मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा गच्चीवर उठून बसलो होतो. दहा मिनिटं सा नव्हता, म्हणून तो आल्यावर किती मोठा वाटतो हे शब्दांत सांगण्यासारखं नाही. कृपा करून शेवट न ऐकता बंद करू नका. 'पॉलिमॉर्फिया' अर्धी ऐकणं म्हणजे न ऐकणं.

चौथी रात्र: याकोब

'द अवेकनिंग ऑफ जेकब' हे छोटं आणि कदाचित सगळ्यात देखणं. 1974 ची रचना. बायबलातला याकोब, म्हणजे नावातला जेकब, उघड्यावर दगड उशाला घेऊन झोपतो, स्वर्गाला लागलेल्या शिडीचं स्वप्न बघतो आणि जागा होऊन म्हणतो की देव इथे होता आणि मला ठाऊक नव्हतं, ही जागा किती भयंकर आहे. त्या जागं होण्याचं हे संगीत. यात 12 ऑकारिना आहेत, भोकं पाडलेल्या पोकळ शिट्ट्या, मुळात मातीच्या. मागे धुक्यासारखा येणारा फुंकरीचा आवाज त्यांचा. तेवढा ओळखला की बाकी सांगायला नको.

सिनेमातल्या शेवटच्या पाठलागात वापरलेलं 'उत्रेन्या' हेही पेंदेरेत्स्कीचं, आणि तेही प्रार्थनेचं: ईस्टरच्या पहाटेचं गायन. म्हणजे सिनेमात ज्याला घाबरतो त्यातलं बरंचसं मुळात देवासमोरचं आहे. मला यात काही विपरीत वाटत नाही. रात्रीच्या गोंधळात संबळ चढायला लागतो तेव्हा अंगावर येणारा काटा भक्तीचा की भीतीचा, हे मला लहानपणीही कळायचं नाही.

आता सिनेमा

चारही ऐकून झाल्यावरच बघा. आधी चित्र बघितलं तर कायमचं तेच चित्र दिसत राहतं. सिनेमा मोठ्यांसाठीचा आहे, घरातल्या मुलांसोबत बसू नका.

पहिल्यांदा लक्ष द्या ते संगीत नसलेल्या जागेवर. मुलगा हॉटेलच्या लांब बोळांतून तीनचाकी सायकल चालवतो. लाकडी फरशीवर चाकं घडघडतात, गालिच्यावर आली की एकदम गप्प, पुन्हा लाकूड, पुन्हा घडघड. एकही वाद्य नाही आणि तरी हा वाद्यवृंदच आहे. नंतर तोच मुलगा सायकलवरून 237 नंबरच्या खोलीपाशी येतो तेव्हा बार्तोक ऐकू येईल. हिरव्या झुडपांच्या चक्रव्यूहात आई आणि मुलगा शिरतात तेव्हाही तोच. टिंपनीची ती सरकती थाप तुम्ही लगेच ओळखाल. दाराकडे बघण्याआधी ती ओळखलीत तर पहिली रात्र कामी आली म्हणायची. 'लोंतानो' जुळ्या मुली दिसतात तिथे येतं, इतकं हळू की नव्या प्रेक्षकाला ते वाजतंय हेच कळत नाही.

शेवटच्या अर्ध्या तासात रचना वेगळ्या करायचा प्रयत्न सोडून द्या. तिथे एकावर एक थर आहेत, मलाही ते पूर्ण सुटत नाहीत.

एक-दोन दिवसांनी 'पॉलिमॉर्फिया' पुन्हा लावा, आणि पुन्हा चौकटीच्या कागदावर रेघा काढा. मग दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा. माझ्या पहिल्या कागदावर मधल्या भागात मोठी कोरी जागा आहे, कारण तिथे मला काही ऐकूच आलं नव्हतं. दुसऱ्यावर ती जागा टिंबांनी भरलेली आहे.